जो सगळ्यांत कमी बोलतो

रविवारी सकाळी गावातली पिठाची गिरणी बंद व्हायची आणि गिरणी बंद झाली की दूध संस्थेतला टीव्ही नीट दिसायचा. दोन्ही एकाच तारेवर होते. गिरणीचा पट्टा फिरत असला की टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आकसायचं, माणसं बुटकी व्हायची आणि त्यांचे आवाज घोगरे व्हायचे. म्हणून संस्थेच्या सचिवांनी गिरणीवाल्या अक्कांना मालिकेपुरती गिरणी थांबवायची विनंती केली होती. अक्कांनी ती एका अटीवर मानली. भिंतीला टेकून बसायची जागा त्यांची, आणि शेजारची गिरणीतल्या मामांची.

गाव कानडी सीमेलगत, मुरुम या बाजारगावापासून दोन कोसांवर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला गेले, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. खोली शोधताना दोन घरांनी माझं आडनाव विचारलं आणि मग खोली रिकामी नसल्याचं सांगितलं. अक्कांनी आडनाव विचारलंच नाही. कपाळाला विभूती लावलेली, साठीकडं झुकलेली ती बाई गिरणीच्या दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "सकाळी लवकर उठता का? गिरणीचा आवाज होतो." मी उठते म्हणाले. त्याच संध्याकाळी गिरणीला लागून असलेल्या खोलीत मी बाबासाहेबांचा फोटो लावला आणि बादली ठेवली. पहाटे पट्टा सुरू झाला की भिंत थरथरायची. फोटोही किंचित हलायचा. मला त्या थरथरण्याची इतकी सवय झाली की पुढं दुसऱ्या गावांत कितीतरी दिवस मला झोपेतून उठल्यासारखं वाटायचंच नाही.

त्या वर्षीचे दिवस आता आठवले की एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. रानं पांढरी पडलेली, वारा सुटला की माती उठून उभी राहायची आणि थोडं चालून पुन्हा बसायची. जनावरं कमी झाली होती, त्यामुळं दूधही. सकाळचं दूध लवकर मोजून व्हायचं, कॅन धुवून पालथे पडायचे आणि मग रविवारी लोक संस्थेच्या खोलीत जमायचे. उजेडानं चित्र पांढुरकं दिसतं म्हणून खिडक्यांवर गोणपाट बांधलेलं असायचं. गोणपाटाच्या विणीतून उन्हाचे बारीक ठिपके आत यायचे आणि बसलेल्यांच्या पटक्यांवर, पदरांवर पसरायचे. आंबट दुधाचा वास, थंड फरशी, बाहेर रणरणतं ऊन आणि आत निळसर अंधार. पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं.

मालिका हिंदीत होती, खुनाच्या तपासाची. दर रविवारी नवा खून आणि तोच एक गुप्तहेर. लोकांना हिंदी अर्धवट कळायची. तेव्हा मधूनमधून अर्थ सांगायचं काम जमादारांकडं होतं. ते पोलिसातून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले. निजामाच्या काळात भरती होऊन नंतर दोन सरकारांची नोकरी केलेला माणूस. उर्दू त्यांच्या तोंडात अजून ताजी होती. अर्थ सांगता सांगता ते मालिकेच्या चुकाही काढायचे.

"खून झाला की पहिल्यांदा काय असतंय, ठावं आहे का बाई?" ते मला म्हणाले. "माश्या. हिथं एक माशी न्हाय."

मी तेव्हा बाहेरून एम. ए. करत होते. त्यासाठी एक निबंध लिहायचा होता आणि मी विषय घेतला होता रहस्यकथेचे संकेत. पुस्तकं मिळायला सोलापूर गाठावं लागायचं. मग वाटलं, दर रविवारी समोर चालत्या बोलत्या रहस्यकथा आहेत, त्यांतूनच संकेत शोधावेत. मी एक दोनशे पानी वही केली आणि मालिका बघून झाली की जमादार, अक्का आणि सचिव जे बोलतील ते लिहून ठेवायला लागले.

हळूहळू दिसायला लागलं की त्या दुनियेचा एक कायदा आहे. पहिल्यांदा ज्याला पकडतात तो कधीच गुन्हेगार नसतो. घड्याळ, चाकू, फुलदाणी यांतली एखादी वस्तू जवळून दाखवली की ती शेवटी बोलतेच. बिनकामाची वस्तू तिथं नसते. मेलेला माणूस नेहमी श्रीमंत. त्यावर जमादार म्हणाले, "गरीब मेला तर त्यात कोडं कसलं? तो मेला, एवढंच." गुप्तहेराला घर नसतं. दळण आणायला त्याला कुणी पाठवत नाही, हे अक्कांचं म्हणणं. आणि शेवटी सगळ्यांना एका दिवाणखान्यात जमवून तो सगळं उलगडून सांगतो. गुन्हेगारही लगेच कबूल करतो, वर कारणंही सांगतो. ह्याचा जमादारांना फार राग होता.

"तीस वर्षं तफ्तीश केली. कबुली म्हणजे दोन ओळी. खाली अंगठा. एवढं लांबलचक बोलणारा मला एक भेटला न्हाय."

एका भागात खुनाच्या वेळी धो धो पाऊस दाखवला. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं, अंगणात डबकी साचत होती. शेवटी गुप्तहेरानं विचारलं, त्या वेळी मागच्या दारानं कोण आत आलं? तेव्हा आमच्यातल्या कुणालाच ते आठवेना. सगळे पाणी बघत होते.

गुन्हेगार कोण हे अक्का अर्ध्यातच सांगायच्या आणि बहुतेकदा बरोबर सांगायच्या. एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्हाला कळतं कसं?"

"त्यात काय, बाई. ज्याला काम न्हाय पण दर वेळी दिसतोय, तो."

मामा शेजारी बसलेले असायचे. पन्नाशी ओलांडलेले, भुवयांवर कायम पीठ, हातांना ग्रीसचा वास. कानडी मुलखातल्या आळंदकडचे. मराठी त्यांना कळायची, पण बोलायला धजायचे नाहीत. अक्कांशी कानडीत बोलायचे, बाकीच्यांना मान हलवून उत्तर. गिरणीचं इंजिन दुरुस्त करायला म्हणून तरुणपणी आले होते आणि राहून गेले.

एका रविवारी मालिका ऐन रंगात असताना वीज गेली. लोक उठेनात. सचिव म्हणाले, "बाई, तुमची ती वही वाचा की. तेवढाच वेळ जाईल." मला बरं वाटलं. कधी नव्हे ते माझं लिहिलेलं कुणी ऐकायला मागत होतं. मी गोणपाटाचा कोपरा वर करून त्या उजेडात यादी वाचली. लोकांनी दाद दिली, हसले. अक्कांच्या उत्तराला मी वहीत जरा घासूनपुसून भाषा दिली होती. ते वाक्य मी चढ्या आवाजात वाचलं. जो सगळ्यांत कमी बोलतो आणि प्रत्येक प्रसंगात कुठंतरी उभा असतो, तोच गुन्हेगार. मागून कुणीतरी म्हणालं, "मग आमच्या गावात मामाच की." खोली हसली. मामाही हसले. त्यांना कदाचित पूर्ण कळलं नसेल.

पुढं तीनेक आठवड्यांनी गावाच्या आडातला गाळ काढायचं काम निघालं. पाणी तळाला गेलं होतं, पोहऱ्यात चिखलच यायचा. दोन दिवस पाट्या भरभरून काळा गाळ वर येत होता. त्यात घागरी निघाल्या, पोहरे निघाले, एक अडकित्ता निघाला. तिसऱ्या दिवशी दोर जड लागला म्हणून चौघांनी ओढला तर सायकल वर आली. गंजून लाल झालेली, चाकांत शेवाळाच्या जटा. शाळा आडाजवळच होती. मी मुलांना खिडकीतून बाजूला करत होते आणि स्वतःच बघत होते.

सायकल ओळखायला वेळ लागला नाही. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी गावात सायकली होत्याच तीन. हिच्या कॅरिअरला दोन्ही अंगांनी जाड कड्या होत्या, पिठाचे डबे अडकवायला. ती अक्कांच्या नवऱ्याची होती. अक्कांचा नवरा श्रीशैलला जातो म्हणून सायकलवर गेला तो परत आला नाही, एवढं गावाला माहीत होतं. इतकी वर्षं तो देवाच्या वाटेला लागला असं लोक मानून चालले होते. आता सायकल आडात म्हणजे माणूस कुठं?

संध्याकाळपर्यंत गावानं तपास पूर्ण केला. मालिकेनं लोकांना प्रश्न विचारायला शिकवलं होतं. फायदा कुणाचा झाला? मालक गेल्यावर गिरणी कुणाच्या हातात आली? त्या वेळी गावात नवीन कोण आलं होतं? आणि शेवटी माझं वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द. मी ते पारावर एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकलं. तो वाचायला शिकलेला नव्हता, पण त्याला ते पाठ झालं होतं.

आडात हाडं निघाली नाहीत. जमादारांनी ते दोनदा सगळ्यांना सांगितलं. पण ज्यांनी ठरवलं होतं त्यांना हाडांची गरज नव्हती. दळणाचे डबे गिरणीवरून पुढं जायला लागले. बाया दुसऱ्या गावाच्या गिरणीपर्यंत उन्हातून चालत जायच्या, पण इथं थांबायच्या नाहीत. भिंतीचं थरथरणं कमी झालं. आणि एके दिवशी मामा शाळेवरून जात होते तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांनी शीळ घातली. मालिकेत गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर वाजते ती धून. मामा थांबले, मागं वळून बघितलं. कुठून तरी ओळखीचं गाणं ऐकू आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांना कळलं.

मी त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. शाळा सुटल्यावर तशीच जमादारांच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर बसून चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होते.

"हे माझ्यामुळं झालं," मी म्हणाले. "मी ती यादी वाचायला नको होती."

"यादीचं काय," ते म्हणाले. "यादी खेळातली आहे. खेळात जो मरतो तो दुसऱ्या रविवारी दुसऱ्या कपड्यात येतोय." मग काडीला गाठ मारत म्हणाले, "मामानं काही केलं न्हाय."

"तुम्हाला खात्री आहे?"

"मालूम आहे."

"मग सांगा ना सगळ्यांना."

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडं पाहिलं. "जबान दिलीय, बाई. ती सोडवून घ्यावी लागंल आधी." ते उठले, पटका बांधला आणि गिरणीच्या दिशेनं चालू लागले. मी मागं गेले नाही. खोलीवर आले तेव्हा भिंतीपलीकडून जमादारांचं आणि अक्कांचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते. बराच वेळ जमादार बोलत होते.

पुढच्या रविवारी मी संस्थेत गेले तेव्हा भिंतीजवळच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. मालिका सुरू झाली, पण गिरणी चालूच होती. चित्र आकसून मध्यभागी गोळा झालं होतं. गुप्तहेर बोटभर उंचीचा झाला होता आणि त्याचा आवाज लांबच्या विहिरीतून आल्यासारखा यायचा. लोक चुळबुळ करायला लागले. सचिव दारापर्यंत जाऊन परत आले. गिरणी बंद करा म्हणायला जायचं कुणाला धाडस होईना.

मग गिरणी थांबली. चित्र एकदम मोठं झालं आणि दारात अक्का आल्या. मागं उजेड असल्यामुळं त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"जरा बंद करा ते," त्या म्हणाल्या.

सचिवांनी बटण फिरवलं. पडद्यावर पांढरा ठिपका राहिला, तोही विझला.

"सायकल म्या टाकली आडात," अक्का म्हणाल्या. "मामा तवा गावात आले बी न्हवते. चार महिन्यांनी आले, इंजिन बिघडलं म्हणून."

त्या आत येऊन नेहमीच्या जागी बसल्या. मग भिंतीला टेकून, दळणाचा हिशेब सांगावा इतक्या साध्या आवाजात त्यांनी सांगितलं. नवरा श्रीशैलला जातो म्हणून गेला. दोन महिने वाट बघितली. मग बंदोबस्ताला आलेल्या जमादारांना गुपचूप सांगितलं, कुठं दिसले तर बघा. जमादार समन्स घेऊन गुलबर्ग्याकडं जायचे. तिकडच्या एका गावात त्यांना तो सापडला. दुसऱ्याच्या गिरणीवर कामाला होता आणि त्याचा दुसरा संसार होता. परत येत नाही म्हणाला. सायकल मात्र त्यानं जमादारांच्या हवाली केली.

"म्हणाला, ही तिच्या बापानं लग्नात दिल्याली आहे, तिची तिला द्या," जमादार खाली बघत म्हणाले. "बसच्या टपावर टाकून आणली. अंधार पडल्यावर दिली."

"आठ दिवस कोठीत ठेवली," अक्का म्हणाल्या. "दार उघडलं की दिसायची. एक दिवस दुपारी सगळे रानात असताना नेली आन सोडली. त्या आडाचं पाणी तुमच्यावानी म्या बी पिते. सव्वीस वर्षं झाली."

एका म्हातारीनं विचारलं, "पर सांगायचं की, बाय. आमी काय खाल्लं असतं का?"

"नवरा मेला की लोक येऊन जवळ बसत्यात," अक्का म्हणाल्या. "सोडून गेला की लांबनं बघत बसत्यात. म्या म्हणलं, देवाकडं गेला म्हणू द्या."

"मग मालक अजून हायत का?" मागून कुणीतरी विचारलं.

"ठावं न्हाय. म्या परत विचारलं न्हाय."

तो सगळा प्रसंग मला पुढं अनेकदा आठवला, आणि दर वेळी हे लक्षात आलं की जमादार ज्याला हसायचे तोच दिवाणखाना त्या दिवशी आमच्यापुढं भरला होता. सगळे जमलेले, मध्ये एकजण सगळं उलगडून सांगणारी. पण मालिकेत खुलासा झाला की नावांच्या पाट्या सुरू होतात. इथं कसं उठायचं हे कुणाला कळेना. उन्हाचे ठिपके फरशीवरून सरकत होते. आणि कबुली द्यायला अक्कांना कुणी भाग पाडलं नव्हतं. गुन्हाही काही नव्हता. त्यांनी स्वतःची सगळ्यात जपलेली गोष्ट एका माणसासाठी उघडी करून ठेवली होती.

शेवटी तीच म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि म्हणाली, "जोंधळे हायत दळायचे. आणू का?"

"मामांना विचारा," अक्का म्हणाल्या.

माझ्या घरी दळण नव्हतं. तरी मी शेजारून दोन शेर ज्वारी उसनी घेतली आणि दुपारी गिरणीत गेले. मामा गिरणीच्या दगडाला टाकीचे घाव घालत बसले होते. मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं. ते वाक्य माझं होतं." किती कळलं कोण जाणे. त्यांनी डबा घेतला, ज्वारी बोटांवर घेऊन बघितली आणि विचारलं, "बारीक?" मी हो म्हणाले. पीठ गरम होतं. डबा पोटाशी धरून मी खोलीत आले आणि बसून रडले.

बहुतेक लोक परत आले. एक घर मात्र दळण बाहेरच नेत राहिलं, आणि मामा पुन्हा कधी संस्थेत टीव्ही बघायला आले नाहीत. गिरणी ते बंद करायचे, वेळेवर. मग दारात बसून राहायचे.

निबंध मी लिहिला. संकेत सगळे घातले, ते एक वाक्य सोडून. परीक्षकांनी बेताचे गुण दिले.

पावसाळ्याआधी ती मालिका संपली आणि दुसरी सुरू झाली, विज्ञानाची. एक माणूस यानातून दूरच्या ग्रहावर जाऊन पडतो आणि परतीची वाट शोधत असतो. यान थर्माकोलचं होतं हे आम्हालाही कळायचं. त्या दुनियेचा कायदा वेगळा होता. तिथं सगळ्यांचे कपडे एकसारखे, कुणी स्वयंपाक करत नाही, कुणाची आई नसते. दारं आपोआप उघडतात, त्यामुळं दारात कुणी अडत नाही. निबंध झाल्यावर वही मी पुन्हा उघडली नव्हती, पण अक्का विचार करून बोलायच्या.

एकदा आम्ही दोघी कोरड्या तलावातून चालत होतो. तळाला भेगांची जाळी पडली होती, तिच्यातून पाय ठेवत. शिंपले पायाखाली मोडत होते. चारी बाजूंना माणूस नव्हता.

"ही मालिका बरी आहे," अक्का म्हणाल्या. "त्या पहिल्यात सारखं विचारायचे, कुणी केलं, कुणी केलं. हिच्यात तसं विचारत न्हाईत. आता कसं राहायचं, एवढंच बघत्यात."

मी थांबून त्यांच्याकडं पाहिलं. एम. ए.च्या कुठल्याही पुस्तकात मला हे इतकं सरळ सापडलं नव्हतं.

त्या त्या रविवारच्या भागाची गोष्ट अक्का संध्याकाळी मामांना कानडीत सांगायच्या. गिरणीपुढच्या ओट्यावर दोघं ज्वारी निवडत बसायचे, मी खिडकीत वह्या तपासत. अर्ध्या तासाचा भाग, पण त्यांचं सांगणं दिवेलागणीपर्यंत चालायचं. मला कानडी येत नव्हती. सकाळी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट माझ्यासमोर परक्या भाषेत पुन्हा चालू व्हायची आणि मला तिच्यातलं काहीच ओळखता यायचं नाही. अधूनमधून नीरु, म्हणजे पाणी, एवढा शब्द कळायचा. कधी मामा काही विचारायचे. कधी हसायचे.

शेवटच्या भागात तो माणूस पृथ्वीवर परतला. अशा गोष्टींत तो परततोच. त्या संध्याकाळी गोष्ट ऐकून झाल्यावर मामांनी मान हलवली आणि ज्वारीची परात घेऊन आत गेले. मी अक्कांना विचारलं, "आवडला का शेवट मामांना?"

"म्या थोडा बदलला," अक्का म्हणाल्या.

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, त्याला वाट सापडली. यान बी तयार झालं. पर तवर तिथल्या लोकांची बोली त्याला यायला लागली हुती." त्यांनी पदराला लागलेलं भूस झटकलं. "मग तो ऱ्हायला तिथंच."